वासरू, खोंड, कालवड

‘ऑक्स-काऊ’, ‘रॅम-यू’, ‘कॉक-हेन’ या इंग्रजी जोड्या आपल्या अनेक पिढ्यांनी पाठ केल्या. इंग्रजीचे व्याकरणिक लिंग मध्ययुगातच गळून पडले. जोड्या उरल्या, त्या प्रामुख्याने माणसाने पाळलेल्या वा शिकार केलेल्या प्राण्यांच्या.

मराठीत लिंगे तीन. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत (१९११) लिंगविचाराने व्याकरणकारांना सतत गुंतवून ठेवले. वाघ-वाघीण हे प्रत्ययाने साधते. बोकड-शेळी, मोर-लांडोर, रेडा-म्हैस येथे मात्र शब्दच वेगळा. साप, घार, सुसर यांना नर-मादी भेद असूनही भाषेने एकाच लिंगात बसवले. कारण उघड आहे : घारीला कोणी दावणीला बांधले नाही.

हे तत्त्व माणदेशात नीट उमगते. साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील आटपाडी-जत हा खिलार जनावरांचा आणि मेंढरांचा मुलूख. येथे जन्मते ते वासरू, नपुसकलिंगी. कोकरू, करडू, रेडकू, शिंगरू हीही तशीच. उपयोग ठरू लागला की लिंग ठरते : नर तो खोंड, मादी ती कालवड. खोंड खच्ची केला की बैल, पैदाशीसाठी राखला तर वळू. कळप मोजताना पुन्हा गुरे, मेंढरे, शेरडे असे नपुसकलिंगच येते. खरसुंडीच्या बाजारात सौदा करताना मात्र लिंग, वय, काम हे सारे एका शब्दात सांगावे लागते. ही नामे निसर्गाने दिलेली नाहीत, श्रमव्यवस्थेने घडवलेली आहेत.

त्या शब्दांवर कायदाही उभा राहतो. महाराष्ट्राच्या १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्यात सरसकट कत्तलबंदी गायीपुरती होती. २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने तीत वळू आणि बैल आले. म्हैसवर्ग त्या सरसकट बंदीबाहेर राहिला. म्हाताऱ्या बैलाचे काय करायचे, हा शेतकऱ्याचा प्रश्न असा एका नामाच्या समावेशाशी येऊन ठेपला.

दरम्यान नांगराची जागा ट्रॅक्टरने आणि वळूची कृत्रिम रेतनाने घेतली. संकरित गायीच्या नराला वशिंड नसते, औतालाही तो फारसा उपयोगी नाही. मग त्याला खोंड म्हणून वाढवणार कोण? काम गेले की नामही जाते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वर्गात शिकवताना आम्हांला याचा प्रत्यय येतो. धनगरांच्या मेंढरांपाशी विद्यार्थी अडखळतात. ‘हाइफर’ शब्दकोशात सापडते, म्हणून त्यांना ते येते. ‘कालवड’ मात्र शेजारच्या गोठ्यातली, ती आजोबांना विचारावी लागते. आजोबा आहेत तोवर ती विचारून घ्यावी, एवढेच आम्ही वर्गात सांगतो.