बायबलमधील परस्परविरोधी वचने : वाचावीत कशी, विचारावीत कशी?

ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवलीत आपल्यापैकी अनेकांचे शेजारी ख्रिस्ती आहेत. कॉलेजात, ऑफिसात, लोकलच्या डब्यात धर्माचा विषय निघतो आणि कोणीतरी म्हणतो, "बायबलमध्ये एकीकडे एक लिहिलंय आणि दुसरीकडे दुसरंच!" यात खरं किती? नेहमी पुढे येणारी चार उदाहरणे आम्ही ख्रिस्ती अभ्यासकांच्या उत्तरांसह देत आहोत.

१) अहज्या राजाचे वय : २ राजे ८:२६ नुसार तो गादीवर आला तेव्हा २२ वर्षांचा होता. २ इतिहास २२:२ च्या हिब्रू प्रतीत ४२ आहे. पण त्याचा बाप ३२ व्या वर्षी राजा झाला आणि ८ वर्षे राज्य करून मेला (२ इतिहास २१:२०). म्हणजे मुलगा बापापेक्षा मोठा ठरतो! इथे नक्कल करताना आकडा चुकला, असं बहुतेक ख्रिस्ती अभ्यासकही मानतात. काही भाषांतरांत २२ छापून खाली टीप दिलेली असते.

२) दावीदाची शिरगणती : २ शमुवेल २४:१ म्हणते परमेश्वराने दावीदाला प्रवृत्त केले, तर १ इतिहास २१:१ म्हणते सैतानाने. उत्तर असं दिलं जातं की परमेश्वराने सैतानाला मोकळीक दिली.

३) यहूदा इस्कर्योताचा मृत्यू : मत्तय २७:५ मध्ये तो गळफास घेतो. प्रेषितांची कृत्ये १:१८ मध्ये तो खाली पडतो आणि त्याचं पोट फुटतं. आधी फास, मग देह खाली पडला, असं सांगून दोन्हींचा मेळ घातला जातो. मात्र दोन्हींपैकी एकाही वचनात असा क्रम दिलेला नाही.

४) वंशावळ : योसेफचा पिता मत्तय १:१६ मध्ये याकोब, लूक ३:२३ मध्ये एली. एक वंशावळ मरियमकडून आहे, किंवा एक पिता जन्माने व दुसरा कायद्याने, अशी उत्तरे आहेत.

हा वाद जुना आहे. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्यात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि मिशनरी फंडर यांच्यात जाहीर वादसभा झाली. नकलांमध्ये फरक पडले हे फंडर यांनी मान्य केलं, पण मूळ शिकवण बदलली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मौलानांनी पुढे 'इजहारुल हक' हा ग्रंथ लिहिला. आजही बहुतेक मुद्दे त्यातूनच घेतले जातात.

पण माप एकच हवं. असाच प्रश्न आपल्यालाही विचारला जातो : कुरआनात आकाश व पृथ्वीची निर्मिती सहा दिवसांत सांगितली आहे, मग सूरह हा-मीम सज्दा (४१:९-१२) मध्ये दोन, चार आणि दोन मिळून आठ कसे? मुफस्सिर सांगतात की पहिले दोन दिवस त्या चारमध्येच धरलेले आहेत. आपलं हे उत्तर समोरच्याने शांतपणे ऐकावं असं वाटत असेल, तर त्याचंही उत्तर आपण तसंच ऐकलं पाहिजे.

ठाण्याने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. १३२१ मध्ये इथे काजीसमोर झालेल्या धर्मचर्चेतून भडका उडाला आणि चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. ही हकीकत ख्रिस्ती नोंदींतून येते. त्यांच्या अस्थी नेणारा प्रवासी ओडोरिक लिहितो की दिल्लीच्या सुलतानाने नंतर इथल्या अधिकाऱ्यालाच शिक्षा केली.

अहले किताबशी चर्चा उत्तम रीतीनेच करावी, ही सूरह अन्कबूतची (२९:४६) ताकीद आहे. म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेली यादी तशीच पुढे ढकलू नका. दोन्ही वचने मागच्या-पुढच्या ओळींसह वाचा. आकड्याची चूक आणि श्रद्धेचा मुद्दा वेगळे ठेवा. आपला आणि ख्रिस्ती बांधवांचा खरा मतभेद हजरत ईसा (अ.) कोण होते, यावर आहे. अहज्याच्या वयावरून तो मिटणार नाही.