खोक्यांतून थेट शर्यतींत

शर्यत म्हटली कीं तिच्यांत दोन गोष्टींची परीक्षा एकदम होत असते. हांकणाऱ्याची आणि वाहनाची. या दोहोंपैकीं जिंकलें कोण, हें प्रेक्षकाला सहसा कळत नाहीं. शंकरपटाचा धुरळा खालीं बसल्यावर पाठ थोपटावयाची ती गाडीवानाची, वर्षभर बैलांना खुराक चारणाऱ्या मालकाची, कीं मुक्या बैलांची, याचा निवाडा गांवोगांव निराळा. महालक्ष्मीच्या मैदानावर पुष्कळशा शर्यतींत हा प्रश्न वजनानें सोडवितात. सरस घोड्याच्या पाठीवर अधिक भार द्यावयाचा आणि उण्या घोड्याला बरोबरीला आणावयाचें. तिसरी तोड याहून सरळ आहे. सर्वांच्या हातीं एकाच कारखान्यांतून निघालेलें, एकसारखें वाहन द्यावें आणि मग काय होतें तें पाहावें. सव्वा हात लांबीच्या, बिनतारी लहरींवर चालणाऱ्या छोट्या ट्रकांच्या शर्यतींनीं हीच तोड स्वीकारली. 'खेळणें' हा शब्द त्या ट्रकांच्या धन्यांना रुचत नाहीं. तथापि आपल्या घरांतून 'रिमोटची गाडी' हेंच नांव रूढ झालेलें आहे. परदेशांत तयार झालेल्या ज्या मालाचीं खोकीं न्हावाशेवा येथें, म्हणजे नवी मुंबईच्या दारांतच, उतरतात त्यांतलाच हा एक जिन्नस. त्याची हकीकत मात्र त्या बंदराहून पुष्कळच जुनी आहे.

समान वाहनाचें तत्त्व प्रथम पाण्यावर प्रस्थापित झालें. डब्लिनच्या उपसागरांत हौशी लोक शिडाच्या नौकांच्या शर्यती लावीत. त्यांत धनिक मनुष्य नवी, अधिक वेगवान नौका बांधून घेई आणि इतरांच्या धड चालत्या नौका एका रात्रींत जुन्या ठरत. याला कंटाळून टॉमस मिडलटन या गृहस्थानें १८८७ सालीं 'वॉटर वॅग' नांवाच्या एकाच नमुन्याच्या नौकांचा वर्ग सुरू केला. मुंबईच्या बंदरांत रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या 'सीबर्ड' नौका याच तत्त्वावर धांवत आल्या आहेत. मोटारींच्या जगाला ही गोष्ट पटण्यास बराच काळ लागला. १९७३ सालीं अमेरिकेंत निरनिराळ्या शर्यतींतील बारा नामांकित चालकांना एकाच घडणीच्या पोर्श गाड्या देऊन एकमेकांसमोर उभें करण्यांत आलें, तेव्हां कोठें 'चालक श्रेष्ठ कीं गाडी' या वादाला थोडें तरी उत्तर मिळालें.

दूरवरच्या यंत्राला तारेवांचून आज्ञा देण्याची कल्पना मात्र शर्यतीसाठीं जन्मली नाहीं. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यांत विद्युल्लहरी भिंतींच्या पलीकडे पाठवून घंटा वाजविली आणि दारू पेटवून दाखविली. १८९८ सालीं निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथें हौदांतील एक लहान नौका दुरून चालविली. त्याच वर्षाच्या ८ नोव्हेंबरला त्याला तिचें पेटंट मिळालें. या शोधांतून युद्धोपयोगी साधनें निघतील अशीच त्या काळच्या बहुतेकांची अटकळ. मोटारगाडीच्या आकाराचें खेळणें बाजारांत येण्यास पुढें जवळजवळ सत्तर वर्षें जावीं लागलीं, कारण झडपांचे दिवे जाऊन ट्रान्झिस्टर आल्याखेरीज एवढ्याशा गाडीच्या पोटांत ग्राहकयंत्र मावणें शक्यच नव्हतें. १९६६ सालीं इटलींतील रेज्जिओ एमिलिया गांवच्या एका कारखान्यानें फेरारी गाडीची एक-बारांश प्रतिकृति विकावयास काढली. १९७६ सालीं जपानच्या तामिया कंपनीची पोर्श आली आणि या छंदाचें खऱ्या अर्थानें लोण पसरलें.

तामियाची ती पोर्श सुट्या भागांच्या संचाच्या रूपानें मिळे. आंस, दांतेचक्रें, स्क्रू, चाकें, विजेरी मोटार, सारें वेगवेगळें. तें नकाशाबरहुकूम जुळवावयाचें, आणि प्रेषक व ग्राहक हीं यंत्रें बहुधा निराळीं आणावयाचीं. कित्येक संध्याकाळीं त्यांत जात, पण जुळवितांना यंत्राचा स्वभाव कळे, आणि गाडी मोडली तर ती दुरुस्त करण्याची विद्या मालकाच्या बोटांत आधींच उतरलेली असे. या लाभाला कमी लेखण्याचें कारण नाहीं. अडचण आली ती शर्यतींत. ज्याचा हात यंत्रावर बसलेला, तो पहिल्या वळणापूर्वींच पुढें. १९८५ सालीं कॅलिफोर्नियांत खडबडीत मार्गावरील छोट्या गाड्यांची जागतिक स्पर्धा भरली, तोंवर अग्रभागीं धांवणारीं वाहनें खेळण्यांच्या दुकानापासून फार दूर गेलेलीं होतीं.

मोटार सारखी ठेवा, म्हणजे भागेल, असें आयोजकांना वाटलें. अमेरिकेंतील 'रोअर' या १९६७ पासूनच्या संस्थेच्या सामान्य वर्गांत दीर्घकाळ २७ वेढ्यांच्या मोटारी चालत. मोटारींत तारेचे वेढे जितके कमी, तितकी ती जोरानें फिरते आणि तितकीच वीजहि खाते; म्हणून वेढ्यांची संख्या बांधली कीं वेग बांधला, असा हा हिशेब. परंतु मनुष्यस्वभाव २७ वेढ्यांत गुंडाळून ठेवतां येत नाहीं! मोटारीच्या आंत जेथें ब्रश घांसतात तें तांब्याचें नळकांडें झिजतें; तें गुळगुळीत कातून घेण्यासाठीं शौकीन लोक शर्यतीच्या ठिकाणीं टीचभर लेथ घेऊन येऊं लागले. ब्रश निवडावयाचे, स्प्रिंगा बदलावयाच्या, उत्तमोत्तम विद्युद्घट हुडकून त्यांची जोडणी करावयाची. कागदावर मोटार 'सामान्य', आणि तिच्यावर झालेला खर्च असामान्य. गरिबाला आधार म्हणून घातलेला नियम श्रीमंताच्या हत्यारपेटींत जाऊन बसला, तो असा.

तेव्हां यंत्रशाळाच शर्यतीबाहेर काढणें, एवढा एकच मार्ग उरला. ट्रॅक्सस ही टेक्सस प्रांतांतील कंपनी १९८६ सालीं निघाली आणि जुळवून तयार असलेली गाडी विकणें हाच तिनें आपला विशेष केला. जुन्या शौकिनांनीं अशा गाड्यांना आळशांचें खेळणें म्हणून हिणविलें. ती टीका सर्वस्वीं खोटी नव्हती. पण तयार शिवलेला सदरा घालणाऱ्याला चालतांच येत नाहीं, असें म्हणण्यासारखाच तो प्रकार. २००८ सालीं याच कंपनीचा 'स्लॅश' नांवाचा ट्रक आला. अमेरिकेंत आखूड मातीच्या मार्गांवर धांवणाऱ्या खऱ्या शर्यती-ट्रकांची ही एक-दशांश प्रतिकृति. लांबी सुमारें ५७ सेंटिमीटर, मागचीं दोन चाकें ओढणारीं, आणि चाकांवरहि पसरलेला रुंद सांगाडा. सांगाड्याच्या या रुंदीमुळें दोन ट्रक एकमेकांस घांसले तरी चाकांत चाक अडकत नसे. नवशिक्यांच्या शर्यतींत ही मोठीच सोय. ठिकठिकाणच्या मैदानांवर त्याचा स्वतंत्र वर्ग निघाला. नियम जवळजवळ एका ओळीचा: खोक्यांतून निघाला तसाच ट्रक आणावा. इतर कारखाने मागें राहिले नाहींत; २००९ मध्यें असोसिएटेडचा 'एससी१०' आला, आणि पाहतां पाहतां ट्रकांची ही एक जातच तयार झाली.

खोक्यांतील समतेस आणखी एका बाजूनें साह्य झालें आणि तें आकाशांतून. पूर्वीं या गाड्या बहुधा २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालत. तेथें वापरांतले मार्ग सहाच. त्यांना तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा आणि निळा असे रंग ठरलेले. प्रत्येक मार्गाचा स्फटिक वेगळा. दोघांचा रंग एक झाला तर एकाच्या आज्ञेनें दुसऱ्याची गाडी कुंपणावर आदळे. त्यामुळें या पट्ट्यांत एका वेळीं सहांहून अधिक गाड्या सोडतां येत नसत, आणि शर्यतीआधीं स्फटिकांची अदलाबदल हा एक विधीच होऊन बसला होता. २००४ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झवरील नवीं यंत्रें या छंदांत शिरलीं. त्यांत प्रत्येक ग्राहक आपल्याच प्रेषकाला ओळखतो. स्फटिक नको, रंग नको, भांडणहि नको.

भारतांत ही बाब केवळ सोयीची नव्हती, कायद्याची होती. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानें परवान्यावांचून असें यंत्र जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरविला होता. घरांतील साध्या रेडिओला जेथें १९८० च्या दशकापर्यंत परवाना लागे, तेथें लहरी सोडणाऱ्या खेळण्याचा प्रश्नच वेगळा. परवाना-मुक्तीचें वारें मग हळूहळू वाहूं लागलें. २८ जानेवारी २००५ रोजीं निघालेल्या नियमांनीं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्यावांचून खुला झाला. नव्या धर्तीचीं नियंत्रणयंत्रें जगाच्या बाजारांत येण्यास आणि भारतांत त्यांची वाट मोकळी होण्यास जवळजवळ एकच मुहूर्त लागला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तथापि वाट मोकळी होणें आणि माल स्वस्त होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. न्हावाशेव्याचें जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ सालीं सुरू झालें आणि कंटेनरांच्या वाहतुकीचें देशांतील एक प्रमुख द्वार बनलें. जकातीच्या ज्या सदरांत खेळणीं येतात त्यांतच छोट्या प्रतिकृतीहि मोडतात. त्या सदरावरील मूळ आयातकर २०२० च्या फेब्रुवारींत शेंकडा २० वरून ६० वर गेला, आणि २०२३ सालीं ७० वर. देशी खेळण्यांच्या कारखानदारीला संरक्षण मिळावें हा त्यांतील हेतु. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा अभिमान बाळगणाऱ्या प्रांतानें त्याला नांवें ठेवूं नयेत. परिणाम मात्र विचित्र झाला. जो ट्रक अमेरिकेंत सामान्य माणसाला शर्यतींत आणण्यासाठीं पुढें आला, तो वाशी-नेरुळच्या मध्यम स्थितींतील घरांत चैनीची वस्तु म्हणून पोंचतो. खोक्याच्या आंत समता आहे; खोक्याच्या किंमतींत ती नाहीं.

याच शहराच्या दुसऱ्या अंगास अगदीं उलट रीत दिसते. वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर येथें अभियांत्रिकी महाविद्यालयें आहेत, आणि महाविद्यालयीन तंत्रोत्सवांतून दूरनियंत्रित गाड्यांच्या शर्यती हा भारतभर आवडीचा कार्यक्रम झालेला आहे. त्या स्पर्धांच्या नियमांत बहुधा तयार गाडी वा तयार संच वर्ज्य असतो. गाडी विद्यार्थ्यांनीं स्वतः घडविली पाहिजे. तिकडे हातानें घडविलेलें चालत नाहीं, येथें विकत घेतलेलें चालत नाहीं! दोन्ही नियम पैशाच्या जोरावर मिळणारा विजय टाळण्यासाठींच केलेले आहेत. इकडच्या नियमानें विद्या वाढते यांत संशय नाहीं, पण ज्याला गाडी केवळ हांकावयाची आहे अशा दहा-पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा त्याच्या आजोबांना त्या मैदानांत जागा नसते. ती जागा तयार ट्रकानेंच दिली, आणि हांकणें ही एक स्वतंत्र विद्या आहे हें त्यानेंच उघडें केलें. गाडी आपल्याकडे तोंड करून येऊं लागली कीं डावें-उजवें उलटतें. बोटाला तें उमजेपर्यंत पुष्कळ कुंपणें मोडावीं लागतात, आणि त्या बाबतींत लेथ कामाचा नाहीं.

एका ओळीच्या त्या नियमालाहि अखेर पोटनियम फुटलेच. रुंद सांगाड्याचे हे ट्रक उंचवट्यावरून उडाले कीं आंत वारा भरतो, नाक वर उचलतें, आणि ट्रक हवाई छत्रीसारखा तरंगत भलतीकडे उतरतो. त्यावर चालकांनीं कात्रीनें सांगाड्याला मागें भोंकें पाडून वाऱ्याला वाट करून दिली. भोंकें पाडलेला ट्रक 'खोक्यांतून निघाला तसाच' म्हणावा काय? रबराचीं चाकें झिजतात, तीं बदलतांना दुसऱ्या घडणीचीं घेतलीं तर? याचीं उत्तरें प्रत्येक मैदानानें आपापल्या परीनें दिलीं आहेत. कोठें कात्री चालते पण चाकें बदलतां येत नाहींत, कोठें चाकें चालतात पण मोटारीला हात लावावयाचा नाहीं, आणि शर्यतीपूर्वीं ट्रक उलटा करून तपासणारा एक पंच बहुतेक ठिकाणीं बसलेला असतो.