हवाई दलाची शौर्यपदके आणि आपले परुळकर

प्रजासत्ताक दिनाचे संचलन पाहताना आपल्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "या काकांच्या छातीवर एवढ्या रंगीत फिती कसल्या?" त्याचे उत्तर आई-बाबांच्या हाताशी असावे म्हणून ही माहिती देत आहोत. सगळीच पदके सांगत बसत नाही. जमिनीवर लढणाऱ्या आपल्या सैन्याच्या मदतीला धावणारे लढाऊ वैमानिक आणि त्यांची पदके, एवढेच येथे पाहू.

युद्धातील शौर्यासाठी परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र असा उतरता क्रम आहे. ही पदके २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. शत्रूशी प्रत्यक्ष युद्ध नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी अशोकचक्राची मालिका वेगळी आहे. फितींवरून ओळखायचे तर महावीरचक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी आणि वीरचक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. परमवीरचक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांचा. जन्माने त्या स्वित्झर्लंडच्या, पण लष्करातील विक्रम खानोलकरांशी लग्न करून पक्क्या मराठी सूनबाई झालेल्या! परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही उलट्या दिशेची गोष्ट नक्कीच आवडेल.

आता मूळ विषयाकडे. आकाशातील विमानांची झुंज सर्वांच्या लक्षात राहते. हवाई दलाचे आजवरचे एकमेव परमवीरचक्रही अशाच झुंजीचे आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या विमानतळाचे रक्षण करताना धारातीर्थी पडलेल्या निर्मलजित सिंग सेखों यांचे. जमिनीवरच्या सैन्याला मदत करणाऱ्या वैमानिकाचे काम निराळे असते. रणगाडे आणि तोफा टिपण्यासाठी त्याला इतके खाली यावे लागते की साध्या बंदुकीची गोळीही विमानाला लागू शकते. १ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी छांब भागात मदतीला गेलेली आपली चार जुनी व्हँपायर विमाने एकाच दिवसात गेली. उलट ५ डिसेंबर १९७१ रोजी लोंगेवालाला जैसलमेरची हंटर विमाने उजाडताच पोहोचली आणि वाळवंटात उघड्यावर सापडलेले रणगाडे त्यांनी टिपले. रात्री लढण्याची सोय हंटरमध्ये नव्हती, म्हणून मेजर चांदपुरींच्या तुकडीला पहाटेपर्यंत एकट्यानेच तग धरावा लागला. 'बॉर्डर' चित्रपट पाहताना हे जरूर आठवावे.

अशा कामाला महावीरचक्रही मिळाले आहे. १९७१ मध्ये छांब आघाडीवर सुखोई-७ उडवणारे स्क्वाड्रन लीडर बॅनर्जी हे त्याचे उदाहरण. पण अनेकांच्या वाट्याला आले ते वायुसेना पदक. ते चक्रांच्या खालचे असल्याने लोकांच्या नजरेतून सुटते आणि आम्हाला हे खटकते.

दिलीप कमलाकर परुळकरांचेच पाहा. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या माऱ्यात विमानाचे नुकसान झाले, उजवा खांदा जखमी झाला. नेतृत्व करणाऱ्या वैमानिकाने पॅराशूटने बाहेर पडण्याचा सल्ला दिला, तरी त्यांनी ते विमान तळावर परत आणले. त्यासाठी वायुसेना पदक मिळाले. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ जमिनीवरून झालेल्या माऱ्याने पडले आणि ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सहकाऱ्यांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ते निसटले आणि थेट लंडी कोतलपर्यंत पोहोचले. अफगाण सीमा अवघ्या काही मैलांवर होती. तेथे त्यांनी लंडी खाना या ठिकाणाची चौकशी केली. तेथील रेल्वे स्थानक कित्येक वर्षांपूर्वीच बंद झालेले असल्याने लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले. पुढे डिसेंबर १९७२ मध्ये इतर युद्धकैद्यांबरोबर ते मायदेशी परतले.

या सुटकेच्या प्रयत्नासाठी त्यांना विशिष्ट सेवा पदक देण्यात आले. नियमाने पाहिले तर ते शौर्याचे नव्हे, सेवेचे पदक! ग्रुप कॅप्टन परुळकर ऑगस्ट २०२५ मध्ये निवर्तले. त्यांच्या नावापुढे व्ही.एम., व्ही.एस.एम. अशी अक्षरे लिहिली जातात. पहिली १९६५ ची, दुसरी रावळपिंडीची.