चाळीस दिवसांचा हिशेब



गेल्या महिन्यात माझ्या भाचीची मुलगी, म्हणजे माझी नातच, दोन दिवस राहून गेली. आयटीतली नोकरी सोडून पुण्यात डब्यांचा व्यवसाय करायचा म्हणते. घरात अर्थातच धरणीकंप. आईबाबा ऐकेनात म्हणून बाईसाहेब माझ्याकडे आल्या. सोबत कॉम्प्युटरवर केलेले सुबक अंदाजपत्रक होते. फ्रीज, मोठी शेगडी, मिक्सर, स्टीलचे डबे, परवाना, सगळे मिळून ६० हजार. पाच वर्षांत तिने बाजूला टाकलेले ९० हजार. म्हणजे ३० हजार शिलकीत!

"आणि आजी, लिज्जत तर ८० रुपयांत सुरू झालं होतं," असेही वर ऐकवले.

आता एवढी वर्षे पोरांच्या वह्या तपासल्यावर हात गप्प बसत नाही. मी लाल पेन काढले. पण चूक कुठे आहे ते मला लगेच दाखवता येईना. मग रात्री झोप येईना तेव्हा आत्याची वही आठवली.

आधी लिज्जतबद्दल, कारण ती गोष्ट हल्ली सगळे अर्धीच सांगतात. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात गुजराती गृहिणी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांतल्याच एक, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ८० रुपये उसने घेतले होते, भारत सेवक समाजाचे छगनलाल पारेख म्हणजे छगनबाप्पा यांच्याकडून. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटे. भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे माल जाऊ लागला. तोटा झाला तरी कोणाकडे देणगी मागायची नाही असे त्यांनी ठरवले होते. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, हलका माल स्वस्तात. छगनबाप्पांनी ते थांबवायला लावले आणि हिशेब चोख ठेवायला सांगितले. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद पडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. मला हा भाग ८० रुपयांपेक्षा जास्त आवडतो.

पण ८० रुपये पुरले कसे? पापड हा लहान माल. आज उडदाचे पीठ भिजले, लाटले, वाळले, की एकदोन दिवसांत पाकीट विकायला तयार. आलेल्या पैशांचे पुन्हा उडीद. तेच ८० रुपये फिरत राहतात, म्हणून ते ८० राहत नाहीत.

आत्याचे पैसे फिरत नव्हते. अडकत होते.

आत्या लालबागला चाळीत राहायची. यजमान गिरणीत होते, ते अचानक गेले. मी १९६३ साली शिकायला तिच्याकडे आले, वय बारा. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिने खाणावळ घातली. गिरणगावात तेव्हा असे पुष्कळ संसार चालत. कोकणातून, साताऱ्याकडून आलेले पुरुष बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत दहा-पंधरा राहायचे. एक पाळीवरून आला की दुसरा जायचा. त्यांना जेवण लागायचे ते चाळीतल्या खाणावळवालीचे. जेवणाऱ्यांना 'मेंबर' म्हणत. आत्याचे मेंबर सोळा. कोकणातल्यांना भात आणि मासळी, घाटावरच्यांना भाकरी, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या जेवणाला नावे ठेवायची हौस!

आत्याला लिहिता येत नव्हते. वही मी लिहायचे. मेंबरमागे महिना ३० रुपये, म्हणजे ४८० जमा. धान्य, मासळी, रॉकेल, कोळसा, भाडे मिळून ४०० खर्च. शिल्लक ८०. मी खाली दोन रेघा मारायचे आणि अभिमानाने वाचून दाखवायचे. आत्या ऐकायची आणि म्हणायची, "मग हातात का नाही ग दिसत?"

मला वाटायचे, तिला हिशेब कळत नाही.

सुरू करताना पोस्टाच्या पुस्तकात तिचे १९० रुपये होते. ताटे-पातेल्यांत ८० गेले. उरले ११०. आता पाहा. १ जूनला पहिले ताट वाढले. गिरणीचा जूनचा पगार झाला १० जुलैला. हे काही आमच्या मेंबरांचे वाईटपण नव्हते. १९३६ च्या वेतन कायद्यातच होते की हजाराहून कमी कामगार असतील तर सातव्या दिवसापर्यंत आणि हजार किंवा जास्त असतील तर दहाव्या दिवसापर्यंत पगार द्यायचा. गिरण्या मोठ्या, त्यामुळे दहा तारीख. मेंबर पगार झाला की खाणावळ भागवायचा. म्हणजे पहिला पैसा दिसायच्या आधी आत्याने चाळीस दिवस सोळा माणसे जेवू घालायची! चारशे महिन्याला, तर चाळीस दिवसांचे ५३३. हातात ११०.

कायदा करणाऱ्यांनी मालकाला दहा दिवस दिले. ते दहा दिवस कोणाच्या चुलीवर शिजणार होते, हे बहुधा कोणी विचारले नसावे.

आत्याने दोन पाटल्या गहाण टाकल्या. मिळाले अडीचशे. व्याज रुपयाला महिना एक आणा. आणे सरकारने १९५७ सालीच मोडीत काढले होते, पण सावकाराच्या तोंडात ते राहिले होते. अडीचशे आणे म्हणजे महिना १५ रुपये ६२ पैसे. बाकी किराणा उधारीवर. उधारीच्या गिऱ्हाइकाला तो दुकानदार तांदूळ वेगळ्या पोत्यातला द्यायचा, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि बरे, हा चाळीस दिवसांचा खड्डा एकदा भरला की संपला असेही नाही. जुलैचे पैसे १० ऑगस्टला. खड्डा पुढे सरकत राहतो. एखादा मेंबर आजारी पडून गावी गेला, एखाद्या बदली कामगाराला महिन्यात दहाच दिवस काम मिळाले, की तो आणखी खोल.

चाळीत बारा बायकांची भिशी होती, महिना १० रुपये. आत्याचा नंबर लागला तेव्हा १२० आले. त्यात थोडी भर घालून एक पाटली सुटली. दुसरी कधीच नाही. तिच्यावर अडीच वर्षांत भरलेले व्याज पाटलीपेक्षा जास्त झाले असावे. तो हिशेब मी तेव्हा मांडलाच नाही. वहीत व्याजाला रकानाच नव्हता! वही माझी होती, त्यामुळे दोष कोणाला द्यायचा?

एकट्या आत्याचे हे नव्हते. १९७३-७४ च्या संपात गिरण्या ४२ दिवस बंद होत्या. खाणावळवाल्यांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले आणि स्वतः कर्जात गेल्या. ते पाहून गोवा मुक्ती लढ्यातल्या कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ सालीच झाले होते, पण चाळीतली बाई बँकेच्या दारात जाणार कशी? गहाण टाकायला काही नाही. प्रेमाताईंनी बायकांचे गट केले, एकमेकींना जामीन ठेवले आणि बँकेकडून कर्जे मिळवून दिली. त्या कर्जांतून काही मोठी यंत्रे आणायची नव्हती. दुकानदाराला आणि सावकाराला बाजूला सारून पहिला महिना ओढायचा होता.

आत्या मात्र गेली नाही. "अंगठा लावायचा म्हणजे घर जायचं," म्हणाली. मी तेव्हा शिक्षिका झाले होते, तिला हाताला धरून नेऊ शकले असते. शाळा, संसार, धाकटा आजारी... नेले नाही, एवढे खरे.

१८ जानेवारी १९८२ ला शेवटचा मोठा संप सुरू झाला. मेंबर एकेक करून गावी गेले. वहीच्या शेवटच्या पानावर 'येणे' म्हणून अकरा नावे आहेत, माझ्या नव्हे, आत्याच्या मुलाच्या अक्षरात. त्यांपैकी एक गृहस्थ चार वर्षांनी गुहागरहून येऊन ९० रुपये आणि फणसपोळी देऊन गेले. आत्याने पैसे घेतले आणि त्यांना जेवू घातले.

असो. सकाळी वही काढून नातीपुढे ठेवली आणि विचारले, "डबे कोणाला देणार?" एका कंपनीला, रोज २५. "पैसे कधी मिळणार?" महिनाअखेर बिल, मग पंचेचाळीस दिवसांनी.

पंचेचाळीस! लहान उद्योगांसाठी २००६ साली केलेल्या कायद्यातही करार करून जास्तीत जास्त तेवढेच दिवस ठेवता येतात म्हणे. चाळिसाचे पंचेचाळीस झाले, तेही बिल दिल्यापासून. म्हणजे पहिल्या डब्यापासून पहिल्या पैशापर्यंत ७५ दिवस, सुट्ट्या वगळून साधारण ६२ दिवस स्वयंपाक. रोजचा किराणा, भाजी, गॅस १,५०० रुपये. झाले ९३ हजार. तिच्या शिलकीत ३० हजार.

"विसाव्या दिवशी तुझ्याकडचे पैसे संपतात," मी म्हणाले. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण आजी, यात नफा तर दिसतोय ना?"

अगदी माझेच वाक्य, १९६४ सालचे.

दुपारभर आम्ही दोघी बसलो. फ्रीज जुना घ्यायचा. मोठी शेगडी नंतर. डबे पंचवीस नव्हे, आधी बारा, आणि कंपनीला न देता सोसायटीतल्या एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना, आठवड्याचे पैसे आगाऊ घेऊन. कंपनी पंधरवड्याच्या बिलाला तयार झाली तर पुढे बघू. माझ्या ठेवीतले ४० हजार मी द्यायचे ठरवले, पण एका अटीवर: त्यातून भांडे एकही घ्यायचे नाही, ते फक्त किराण्याचे. तिच्या आईला हे अजून सांगितलेले नाही. तिने हे वाचले की फोन येईलच.

वही नात घेऊन गेली आहे. नव्या वहीत तिने व्याजाचा आणि 'पैसे कधी येणार' याचा, असे दोन रकाने जास्त आखले आहेत. पहिला डबा पुढच्या महिन्याच्या एक तारखेला.