टॅबची कुळकथा

डेस्कटॉपवरच्या डेटाबेससाठी फॉर्म बांधायला घेतला की पहिली अडचण येते ती जागेची. रकाने साठ-सत्तर आणि स्क्रीन एकच. मग हात आपसूक टॅबकडे वळतो. ‘प्राथमिक माहिती’, ‘पत्ता’, ‘व्यवहार’, ‘शेरे’ असे चार टॅब केले, रकाने त्यांत वाटून टाकले, की फॉर्म नीटनेटका दिसू लागतो. पण याच फॉर्मवर दिवसभर नोंदी करणाऱ्याला सारखे या टॅबवरून त्या टॅबवर जावे लागते, आणि मधल्या क्षणात आधीचा आकडा लक्षात ठेवावा लागतो. दोष टॅबचा नाही. टॅब जन्माला आला तो शोधण्याचे साधन म्हणून, आणि आपण त्याच्याकडून जागा वाचवण्याचे काम करून घेतो. टॅब कुठे वापरावा आणि कुठे टाळावा, याचे उत्तर त्याच्या कुळातच सापडते.

अमेरिकेत १८७६ मध्ये मेल्विल ड्यूई यांनी ग्रंथालयांना सामान पुरवण्यासाठी लायब्ररी ब्यूरो ही संस्था उभी केली. पुस्तकांच्या नोंदी जाड वह्यांत करण्याऐवजी साधारण साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या सुट्या कार्डांवर करायच्या आणि ती कार्डे लाकडी खणांत उभी रचायची, ही पद्धत तेव्हा रुजत होती. नवे पुस्तक आले की नवे कार्ड योग्य जागी सरकवता येई. मात्र शेकडो कार्डे एकसारख्या उंचीची, त्यामुळे हवे ते सापडायला वेळ लागे. या संस्थेतील जेम्स न्यूटन गन यांना १८९७ मध्ये ज्या कल्पनेचे पेटंट मिळाले ती अगदी साधी होती: काही कार्डांच्या वरच्या कडेला एक छोटा तुकडा वर आलेला ठेवायचा आणि त्यावर मथळा लिहायचा. खण ओढला की सगळे मथळे एका नजरेत दिसत आणि बोट नेमक्या जागी जाई. टॅबचे काम तेवढ्यावर संपे. कार्ड सापडल्यावर ते बाहेर काढून टेबलावर ठेवायला, शेजारी दुसरे कार्ड मांडायला आणि दोन्ही ताडून पाहायला वाचक मोकळा होता. खण आणि टेबल यांची ही जोडी होती, आणि टॅब हा त्यांतल्या फक्त खणाचा भाग होता.

स्क्रीनवरच्या फॉर्मचे कूळ वेगळे. ते पंचकार्डाकडून येते. आयबीएमने १९२८ मध्ये ८० स्तंभांचे पंचकार्ड आणले, आणि १९७१ मधल्या आयबीएम ३२७० टर्मिनलच्या पुढे रूढ झालेल्या स्क्रीनवरही २४ ओळी व ८० स्तंभ, म्हणजे १,९२० अक्षरांची जागा होती. या टर्मिनलने रकान्यांचे दोन प्रकार पाडले: ज्यात टंकता येते तो आणि ज्याला हात लावता येत नाही तो. ऐंशीच्या दशकात डीबेस या डेटाबेस प्रणालीने हीच रीत छोट्या संगणकांवर आणली. ‘ॲट ५, १० से "नाव" गेट एम-नाव’ अशा धाटणीची आज्ञा लिहिली, की ५ क्रमांकाच्या ओळीत १० क्रमांकाच्या स्तंभापासून ‘नाव’ ही अक्षरे आणि त्यापुढे भरायची मोकळी जागा उमटे. महाराष्ट्रातल्या संगणकवर्गांत नव्वदच्या दशकात डीबेस आणि फॉक्सप्रो शिकलेल्या पिढीच्या बोटांना हे वळण ओळखीचे आहे. प्रत्येक रकान्याची ओळ आणि स्तंभ हाताने ठरवावे लागत, म्हणून कोणती माहिती कोणाशेजारी हवी याचा विचार कागदावर आधीच होई. जागा कमी होती, पण जे होते ते सगळे समोर होते.

ही दोन कुळे चित्रमय स्क्रीनवर एकत्र आली. आयबीएमच्या ओएस/२ या कार्यप्रणालीच्या १९९२ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत वहीसारखे दिसणारे, कडेला टॅब असलेले कंट्रोल होते. विंडोज ९५ ने गुणधर्मांच्या खिडक्यांत टॅब सर्वत्र नेले. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस १९९२ मध्ये आले, पण त्यात टॅबचे कंट्रोल अंगभूत झाले ते ॲक्सेस ९७ मध्ये, गन यांच्या पेटंटनंतर सुमारे शंभर वर्षांनी. या प्रवासात मथळा टिकला आणि टेबल हरवले. फॉर्मवरच्या टॅबमधली दोन पाने शेजारी काढून ठेवता येत नाहीत. एक उघडले की दुसरे झाकते. टॅब एका रांगेत मावेनासे झाले तेव्हा आणखी एक गोष्ट हातची गेली. विंडोजच्या अनेक-रांगी टॅबमध्ये मागच्या रांगेवर क्लिक केले की ती रांग पुढे येते आणि पुढची मागे जाते, म्हणजे मथळ्यांच्या जागाच बदलतात. खणातला टॅब कधी जागा सोडत नसे, म्हणून तर हाताला सवय लागत असे.

याचा परिणाम रुग्णालयाच्या फॉर्मवर स्पष्ट दिसतो. समजा, पहिल्या टॅबवर रुग्णाचे नाव-वय, दुसऱ्यावर औषधयोजना आणि तिसऱ्यावर ॲलर्जीची नोंद आहे. औषध लिहिताना ॲलर्जी डोळ्यांपुढे हवी, पण ती नेमकी त्याच वेळी झाकलेली असते. हीच अडचण सक्तीच्या रकान्याची. तो तिसऱ्या टॅबवर रिकामा राहिला, तर नोंद जतन करताना चूक झाल्याचा संदेश येतो. भरणारा मात्र पहिल्या टॅबवर असतो आणि त्याच्यासमोर चूक दिसतच नाही. अशी मांडणी का होते? बांधणारा डेटाबेसमधल्या टेबलांच्या रचनेवरून टॅब पाडतो. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत रुग्ण, औषधे आणि ॲलर्जी यांची टेबले वेगळी असणे योग्यच आहे. पण साठवणीसाठी केलेली विभागणी कामाच्या वेळीही तशीच राहावी, असे त्या पद्धतीत कुठेही सांगितलेले नाही. वेगळ्या टेबलांतली माहिती कामाच्या वेळी एकत्र दाखवण्याचे काम ॲक्सेसमधले सबफॉर्म करते: एका रुग्णाच्या अनेक नोंदी मुख्य फॉर्मच्या शेजारी, त्याच नजरेत.

यावर पहिला आक्षेप असा की टॅब नसले तर फॉर्म लांबलचक होऊन खाली-वर सरकवावा लागेल. हे खरे आहे, आणि सरकवण्यापेक्षा टॅब बरा हेही खरे. निदान दडलेल्या भागाचे मथळे तरी दिसतात. पण टॅबचा सुकाळ झाला तेव्हा स्क्रीन बहुधा ६४० बाय ४८० बिंदूंची असे. आज १९२० बाय १०८० ची स्क्रीन सर्रास असते, म्हणजे बिंदू पावणेसात पट. तेव्हाची टंचाई संपली, सवय तेवढी राहिली. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: सगळे रकाने एकदम दिसले की नवखा माणूस बावरतो. त्याचे उत्तर गट पाडण्यात आहे. संबंधित रकाने एका चौकटीत, दोन गटांत मोकळी जागा, तीन-चार ठरावीक पर्यायांना रेडिओ बटणे, लांब यादीला टंकून शोधता येणारा कॉम्बो बॉक्स. एवढे केले की भरलेला फॉर्मही वाचता येतो. शिवाय डेटाबेसचा फॉर्म वापरणारा फार दिवस नवखा राहत नाही. आठवड्याभरात त्याचे हात कीबोर्डवर बसतात, आणि त्यानंतर प्रत्येक अनावश्यक टॅब त्याला रोज नडतो.

म्हणून टॅब टाकून देण्याचे कारण नाही. त्याला त्याच्या कुळाचे काम द्यावे. जुना पत्रव्यवहार, क्वचित लागणारे तपशील, एकाच नोंदीकडे पाहण्याच्या परस्परांशी संबंध नसलेल्या दोन दृष्टी, ही टॅबची हक्काची जागा, कारण तिथे माणूस शोधत असतो, ताडून पाहत नसतो. फॉर्म बांधणाऱ्यांनी टॅब घालण्यापूर्वी काम करणाऱ्या माणसाशेजारी तासभर बसावे आणि कागदावर हेच काम करताना तो कोणते दोन कागद शेजारी ठेवतो ते पाहावे. ते दोन कागद कधीही दोन टॅबवर टाकू नयेत.