डोहाळजेवणाच्या आधीं

गर्भवतीनें दोन जीवांचें खावें, असें घरोघरीं सांगतात. पण काय खावें आणि केव्हांपासून? या उत्तराचा एक धागा मुंबईंत सांपडतो.

१९२८ सालीं डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरण्यांतील गरीब कामकरी स्त्रियांना गरोदरपणीं ग्रासणाऱ्या पांडुरोगाचें कारण त्यांना शोधावयाचें होतें. दोष रोगजंतूंचा नसून ताटाचा निघाला. ‘मार्माइट’ या स्वस्त यीस्ट-अर्कानें रोगी बरे होऊं लागले. हें १९३१ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें १९४१ सालीं तसलेंच द्रव्य पालकाच्या पानांतून मिळालें. लॅटिनमध्यें पान म्हणजे ‘फोलियम’; म्हणून तें फोलिक आम्ल.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील पाहणी २००१ सालीं प्रसिद्ध झाली. तींतही पालेभाज्या व फळें वारंवार खाणाऱ्या मातांचीं बाळें जन्मतः अधिक वजनाचीं आढळलीं.

मात्र वेळ महत्त्वाची. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी चौथ्या आठवड्याअखेर मिटते. तेव्हां दिवस गेल्याचें आईस पुष्कळदां ठाऊकही नसतें. गर्भधारणेपूर्वींपासून फोलिक आम्ल दिल्यास त्या नळीचें व्यंग पुन्हा उद्भवण्याचा धोका ७२ टक्क्यांनीं घटतो, असें १९९१ सालीं सिद्ध झालें.

डोहाळजेवणाचें ताट आपण सातव्या महिन्यांत वाढतों. लेकीसुनांच्या पानांत पालेभाजी मात्र त्याच्या कितीतरी आधीं पडावयास हवी.