खाचेची कुळकथा

कोकणातले घर म्हटले की लाल कौलांचे उतरते पाखे डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि हे छप्पर जणू परशुरामाने समुद्र हटविला त्याच दिवशी घातले गेले अशा थाटात आपण त्याचा अभिमान वाहतो. परंतु ज्या मंगळुरी कौलाने ते शाकारलेले असते, त्याची वंशावळ चाळू लागावे तर ती नेत्रावतीच्या काठावरून थेट फ्रान्समधील अल्सास प्रांतात जाऊन पोचते. तेथील आल्टकिर्श गावच्या झिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत खाचेने अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले. आल्टकिर्शपासून बाझल शहर सुमारे २० मैलांवर. आणि ज्या मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट याने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, ते मिशन त्याच बाझलचे. हा शेजार निव्वळ योगायोग मानावयास मी तयार नाही.

खाचेचे जनकत्व फ्रेंचांना बहाल करून मोकळे व्हावे, तर सातवाहन आडवे येतात. नेवासे, तेर, कोल्हापूरची ब्रह्मपुरी येथील उत्खननांत त्या काळच्या घरांची जी कौले निघाली, ती चपटी, खाचांची आणि खिळ्यांसाठी भोके पाडलेली आहेत. त्यापूर्वीच्या ताम्रपाषाणयुगातील इनामगावच्या कुडाच्या झोपड्यांनंतरची ही मजल लहान नव्हे. ब्रह्मपुरीस समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली, रोमशी व्यापार सिद्ध झाला, आणि कौलेही रोमच्या खाती जमा करण्याकडे काहींचा कल झाला. हा निवाडा मला मान्य नाही. चपट्या कौलाच्या दोन्ही कडा उंच ठेवावयाच्या, दोन कौलांच्या सांध्यावर अर्धगोल कौल उपडे घालावयाचे, आणि सारा डोलारा बहुधा त्याच्या वजनाच्याच भरवशावर सोडावयाचा, ही रोमन रीत. आमचे कौल खाचेने शेजाऱ्याला धरी आणि खिळ्याने लाकडाला. मूर्ती गलबतातून आली म्हणून कौले घालणाराही तिच्यामागोमाग उतरला, असे समजण्यास दाखला कोणता?

मग हे कौल मागे का पडले? माझा तर्क असा, की त्याला साचा, मोठी भट्टी, लोखंड आणि ठोक गिऱ्हाईक लागे, म्हणजेच भरभराटीची नगरे लागत. ती ओसरल्यावर गावचा कुंभार आणि त्याचे चाक तेवढे उरले. चाकावर नळा ओढावा, ओला असतानाच उभा चिरावा, की नळीची दोन कौले तयार. छपरावर एक ओळ उताणी, तिच्या कडांवर दुसरी उपडी. ना खाच, ना खिळा. म्हणूनच माकडांच्या एका धाडीत ती अस्ताव्यस्त होत, आणि पावसाळ्यापूर्वीची शाकारणी कोणाला चुकत नसे.

खाचेचे कौल परतले ते बाझल मिशनच्या हातून; पण मिशनला आमच्या गळक्या छपरांची चिंता होती असे नव्हे. धर्मांतरामुळे जातीबाहेर पडून उपजीविकेस मुकलेल्यांच्या हातांना काम हवे होते, म्हणून प्रथम माग आले आणि मागाहून कौले. नदीकाठची चिकणमाती साच्यात दाबून काढलेला हा माल गलबतांतून मुंबईच्या चाळींपर्यंत गेला. १८६८ साली अल्बुकर्क यांचाही कारखाना उभा राहिला. पहिल्या महायुद्धात मिशनचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले, तरी कौल थांबले नाही. आणि तोवर त्याने सुताराचा हातही बदलून टाकला होता. नळीच्या कौलाखाली बांबू वा कामट्या दाट अंथरल्या की भागे. मंगळुरी कौलाच्या पाठीवरचा उंचवटा रिपेवर नेमका टेकावा लागतो. म्हणून सुतार वाशांवर आधी दोन कौले जुळवून पाहतो, त्यांच्या मापाने खुणा करतो, आणि मगच रिपा ठोकावयास घेतो.